मावशींची कंबर, हात आणि दम: हॉटेलातल्या हाउसकीपिंगबद्दल

बांद्याच्या एका मुलीने विचारलं आहे. तिची मावशी ४६ वर्षांची. पेडणे तालुक्यातल्या एका रिसॉर्टमध्ये सहा वर्षं हाउसकीपिंगला आहे, ठेकेदाराच्या हजेरीवर. कंबर आणि उजवा खांदा दुखतो, हातांना भेगा पडतात आणि गेल्या पावसाळ्यापासून रात्री खोकला येतो, दम लागतो. एका डॉक्टरांनी वयावर ढकललं, दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. हे कामामुळे असेल का? असेल तर काम सोडायला लावावं का, कारण घर तिच्यावरच चालतं? आणि तिचा मुलगा त्याच रिसॉर्टच्या स्विमिंग पूलवर आहे, त्याला काही धोका आहे का?

मी म्हापशात प्रॅक्टिस करते. त्याआधी डिचोली-सांखळी पट्ट्यात खाणकामगार तपासत होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि माझ्या बाकावर हळूहळू हॉटेलांतली माणसं येऊन बसू लागली. त्यांतल्या पुष्कळ बायका दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, पेडणे या भागांतल्या. खाणीवरच्या माणसाची कायद्यानेच ठरावीक वर्षांनी तपासणी व्हायची. छातीचा एक्स-रे निघायचा, कानांची, फुप्फुसांची नोंद राहायची. आजार झाला तर निदान मागचा कागद हाताशी असायचा. हाउसकीपिंगच्या बाईचा असा एकही कागद नसतो. म्हणून तिचं दुखणं डॉक्टरसुद्धा वयावर टाकून मोकळे होतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कामामुळे असू शकतं. तिन्ही तक्रारी एकाच ट्रॉलीमागून आलेल्या असण्याची शक्यता मला दाट वाटते. पण तपासल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही, आणि तुम्हीही कुणाला तसं म्हणू देऊ नका.

कंबरेपासून सुरुवात करते. हाउसकीपिंगची बाई आली की मी तिला सांगते, हा माझा तपासायचा पलंग, त्यावर चादर घाल बघू, तिथे घालतेस तशी. मागे एक मावशी आल्या होत्या. चादर हातात घेतली आणि हसल्या. "डॉक्टर, ह्यो खूप उंच. आमची खाट हडे असता," म्हणून गुडघ्याखाली हात दाखवला. मग ओणवून दाखवलं. डाव्या हाताने गादीचा कोपरा वर धरायचा, उजव्या हाताने चादर आत सारायची, ती नीट ताणली जाईपर्यंत गादी डाव्या मनगटावर तोलून धरायची. कोपरे चार. मग उशांच्या खोळी, मग डुवेच्या, म्हणजे जाड रजईच्या, कव्हरात हात खांद्यापर्यंत घालून आतली टोकं झटकायची. एका पलंगासाठी त्या किती वेळा वाकल्या ते मी मोजत होते. पंधराच्या पुढे मोजणं सोडलं. त्यांच्या वाट्याला रोज १४ खोल्या होत्या आणि काही खोल्यांत दोन-दोन पलंग.

आता हे वजनात बघा. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. परिस्थिती अगदी आदर्श असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, अंगाला पीळ न देता आणि अधूनमधूनच उचलायची असेल, तरी ते सूत्र २३ किलोंवर थांबतं. यातली एकेक अट मोडली की आकडा खाली येतो. गादीचा कोपरा उचलताना बहुतेक सगळ्याच मोडतात: वस्तू गुडघ्याखाली, अंगापासून लांब, एका हातात, कंबरेत पीळ आणि दिवसभर तेच. हॉटेलांच्या गाद्या वर्षागणिक जाड आणि जड होत गेल्या, पाहुण्याला त्यात आराम वाटतो म्हणून. उचलणारीचा हिशोब त्यात कुणी धरला नाही.

म्हणून "वाकताना गुडघ्यात वाका" हा सल्ला मी आता एकटा देत नाही. १४ खोल्यांच्या धावपळीत प्रत्येक कोपऱ्याला गुडघ्यात बसणं जमत नाही, आणि जमवलं तर कमरेऐवजी गुडघे जातात. बदलायला हवं ते काम. पलंग दोघींनी समोरासमोर उभं राहून करायचा. कडेला इलॅस्टिक असलेली चादर वापरली तर कोपरा उचलणं कमी होतं. टबाच्या आणि टाइल्सच्या घासणीला लांब दांडा हवा. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१८ पासून हॉटेलांतल्या हाउसकीपिंगसाठी असा नियमच केला. कामाच्या जागेची पाहणी करायची, त्या पाहणीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांना घ्यायचं आणि दुखापत टाळणारी साधनं द्यायची. आपल्याकडे तसा नियम नाही, पण इलॅस्टिकच्या चादरी घ्यायला मॅनेजरला कायदा लागत नाही. मी दोन-तीन ठिकाणी तसं पत्र लिहून दिलं आणि एका ठिकाणी चादरी खरोखर बदलल्या. मावशींसाठीही देईन.

एक बारीकशी वाटणारी गोष्ट आवर्जून बघायला सांगा: ट्रॉलीची चाकं. त्यांत केस आणि कार्पेटचे धागे गुंडाळून बसतात. एक चाक अडलं की ट्रॉली तिरपी पळते आणि ती सरळ ठेवायला सगळा जोर एकाच खांद्यावर येतो. मावशींचा उजवाच खांदा का दुखतो, याचं उत्तर कदाचित त्या चाकात असेल. मेंटेनन्सच्या माणसाचं दहा मिनिटांचं काम आहे.

कंबरेबाबत ही खूणगाठ मात्र बांधून ठेवा. जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलताना लुळं पडू लागलं, तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्या.

आता दम. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

हॉटेलांत रसायनांना नंबर असतात: आर-वन, आर-टू असे. मावशींना विचारा, त्या धडाधड सांगतील. त्यांतलं आर-सिक्स हे कमोडसाठीचं, म्हणजे ॲसिड. दुसरीकडे डाग काढायला किंवा फरशीला ब्लीच येतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. कुणी मुद्दाम बादलीत मिसळत नाही. घडतं असं की कमोडमध्ये ॲसिड टाकून ठेवलेलं असतं, पिवळा डाग जात नाही म्हणून वरून ब्लीच ओतलं जातं. किंवा कालच्या स्प्रेच्या बाटलीत तळाशी थोडं उरलेलं असतं आणि आज त्यात दुसरंच भरतात. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच घातकच.

आणि खोली कशी असते? पाहुणा चेकआउट करून कार्ड घेऊन गेलेला. पुष्कळ हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय वीज चालू होत नाही. बाईजवळ दार उघडायचं मास्टर कार्ड असतं, पण वीज वाचवायची म्हणून ते खाचेत ठेवायचं नाही अशी तंबी असते. मग बाथरूममधला एक्झॉस्ट बंदच. खिडकी नाही. बाहेर पाणी जाऊ नये म्हणून दार लोटलेलं. अशा चार बाय सहाच्या खोलीत ती ओणवी होऊन तोंड कमोडजवळ नेऊन घासते. एक तरुण मुलगी अशाच बाथरूममधून माझ्याकडे आणली होती. डोळे लाल, घसा आवळलेला, बोलताना वाक्य तुटत होतं. तिला सुपरवायझरने तासभर स्टाफरूममध्ये पाणी पाजत बसवून ठेवलं होतं. तसं करू नका. वायू छातीत गेला की आधी माणूस मोकळ्या हवेत न्यायचा, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवायचे आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्यायचं, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते. त्या मुलीचा दम पुढे कित्येक महिने गेला नाही. एकदाच, पण जोरात वायू लागला तर तेवढ्यानेही दम्यासारखा आजार मागे राहतो.

मावशींचं मात्र असं एका दिवशीचं नसावं. जंतुनाशकांत क्वाटर्नरी अमोनियम नावाची रसायनं असतात. रोज त्यांचा फवारा नाकात गेला तर काही जणांच्या श्वासनलिकांना त्यांची बाधा जडते. मग थोड्याशा वासानेही छाती भरते. पुष्कळदा कामावर असताना काही होत नाही आणि रात्री दोनला खोकला उठतो, म्हणून कुणाला कामाचा संशयही येत नाही. विचारायचं एवढंच: सुट्टीच्या दिवशी, गावच्या जत्रेला चार दिवस रजा घेतली तेव्हा, दम कमी होता का? "हो, घरी बरं वाटतं" असं उत्तर आलं तर तपास पुढे न्यायलाच हवा.

तो पुढे न्यायचं साधन स्वस्त आहे. पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळते. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा: उठल्यावर, कामावर, घरी आल्यावर, झोपताना. असे तीन-चार आठवडे, त्यात कामाचेही दिवस हवेत आणि सुट्टीचेही. चालू औषधं मधेच बदलायची नाहीत, नाहीतर वाचन फसतं. कामाच्या दिवसांत आकडे खाली आणि सुट्टीत वर असा आलेख निघाला, तर तो कुठल्याही मॅनेजरसमोर ठेवता येतो. स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची यंत्रावरची तपासणी, मी वेगळी करून घेईन.

तोवर करायचं ते असं. फवारा मारायचा नाही, रसायन फडक्यावर ओतून पुसायचं, म्हणजे हवेत थेंब उडत नाहीत. कार्ड खाचेत घालून एक्झॉस्ट चालवायचा आणि दार उघडं ठेवायचं. एका वेळी एकच रसायन. तोंडावरचा साधा कापडी मास्क वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

इथे मला आणखी एक शंका आहे आणि ती लगेच तपासा. कंबरेसाठी मावशी कुठल्या गोळ्या खातात? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून रोज सकाळी एक टाकून कामावर जाणाऱ्या कितीतरी बायका मी बघते. दमा असलेल्या काही माणसांचा दम याच गोळ्यांनी वाढतो. म्हणजे पाठीचं औषध छातीला नडत असू शकतं. शिवाय या बायका पाणी कमी पितात, कारण पाहुण्यांचं बाथरूम वापरायचं नाही आणि स्टाफचं तळमजल्यावर, लांब. घामाने सुकलेल्या अंगात रोज अशी गोळी गेली की मूत्रपिंडावर ताण येतो. गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, मला बघायची आहेत.

हातांच्या भेगांबद्दल फार लिहीत नाही. दिवसभर ओले हात, वर ॲसिड-ब्लीच, आणि ग्लोव्हज आतून भिजलेले. भिजलेला ग्लोव्ह न घातल्यापेक्षा वाईट, कारण रसायन आतच कोंडतं. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड ग्लोव्हज, आत सुती हातमोजा, दोन जोड्या म्हणजे एक वाळत राहील. अंगठी काढून ठेवायची, तिच्याखाली साबण साचतो. रात्री साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली. खाज, पाणी सुटणं सुरू असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते बघणारी तपासणी. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मलम महिनोन्महिने चोळू नका.

चादरी गोळा करताना त्या कवेत घेऊन अंगाशी दाबायच्या नाहीत. त्यांत ब्लेड, इन्सुलिनच्या सुया निघतात. टोचलं तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हेपटायटिस बीची लस आधीच घेऊन ठेवावी: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

तुम्ही विचारलं नाही, तरी मी विचारते: खोलीत पाहुणा असताना मावशींना एकटीला आत जावं लागतं का? कामाच्या जागेचा हाही धोकाच आहे. दार उघडं आणि ट्रॉली दारात आडवी, हा नियम व्यवस्थापनाने पाळू दिला पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असावी लागते. ठेकेदाराची बाईही त्या समितीकडे जाऊ शकते आणि त्रास देणारा पाहुणा असला तरी जाऊ शकते.

मुलाबद्दल. पूलवरच्या मुलांना मी तीन गोष्टी पाठ करून घ्यायला लावते. क्लोरीनची पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही. दाणेदार हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या ही दोन वेगळी रसायनं आहेत. एकाच डब्यात, एकाच मापाने हाताळली तर पेट घेतात, स्फोटही होतो. आणि पीएच कमी करायचं ॲसिड या दोन्हींपासून वेगळ्या खोलीत ठेवायचं. कोंदट पावसाळ्यात गळक्या छपराखालचं पंपघर ही माझ्या दृष्टीने रिसॉर्टमधली सगळ्यात धोक्याची खोली. त्याला कुणी सांडपाण्याच्या, एसटीपीच्या टाकीत "जरा उतरून बघ" म्हटलं तर त्याने नाही म्हणावं. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस शिडीवरच कोसळतो. वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या दुसऱ्या एका कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं माणूस उतरवायला मनाई आहे. या एका बाबतीत नोकरी गेली तरी चालेल.

आता पैसे आणि हक्क. मावशींच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातात का ते पगाराच्या चिठ्ठीवर बघा. मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. ठेकेदाराने टाळलं तर जबाबदारी मूळ हॉटेलवर येते, हे ठेकेदार सहसा सांगत नाही. ईएसआय असेल तर मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार होतात. साध्या आजारपणाला रजेचा पगार ७० टक्क्यांनी मिळतो, पण त्याआधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. कामामुळे झालेल्या दुखापतीला किंवा आजाराला तो ९० टक्क्यांनी मिळतो आणि तिथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही. व्यवसायजन्य आजारांच्या यादीत त्वचेचे आजार आहेत, कामाच्या रसायनांनी होणारा दमाही आहे. झिजून दुखणाऱ्या कमरेला मात्र त्या यादीत जागा नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात जणी कंबर घेऊनच येतात. म्हणून कंबरेत एखाद्या दिवशी उचलताना चमक भरली तर ती त्याच दिवशी अपघाताच्या वहीत लिहून घ्या, वेळ आणि खोली नंबरासकट. घर ते हॉटेल या वाटेवरचा अपघातही ईएसआयमध्ये धरला जातो. पत्रादेवीवरून पहाटे स्कूटरवर येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी सांगितली आहे. मावशी ४६ च्या आहेत, म्हणजे त्यांनी दोन्ही मागावं. तोंडी मागून मिळालं नाही तर लेखी मागा, तरीही नाही तर पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

काम सोडावं का? आज नको. दमा रसायनांचा निघाला तर मात्र त्या रसायनांपासून लवकर दूर होणं हाच मुख्य उपचार आहे, औषधं त्याच्या मागून. जितकी वर्षं उशीर तितका दम कायमचा होत जातो. दूर होणं म्हणजे घरी बसणं नव्हे. लिननरूम, युनिफॉर्मची खोली, पब्लिक एरियातलं झाडलोटीचं काम, असा बदल मागता येतो, आणि हातात आकड्यांचा कागद असला की मागणी टिकते. सहा वर्षं खोल्या सांभाळलेली बाई हॉटेललाही सहज घालवायची नसते.

मावशींना घेऊन या. येण्याआधी त्यांनी ट्रॉलीवरच्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचे फोटो मोबाइलवर काढावेत, आणि बिनलेबलच्या, मिनरल वॉटरच्या बाटलीत काही भरलेलं असेल तर त्याचाही. सुपरवायझरकडे रसायनांची एसडीएस, म्हणजे सुरक्षेच्या माहितीची, पत्रकं असतात, मिळाली तर त्यांतला चौथा (प्रथमोपचार) आणि आठवा (बचावाची साधनं) भाग. पीक फ्लोची वही, गोळ्यांची पाकिटं, पगाराची चिठ्ठी आणि रोज वापरतात ते ग्लोव्हज, न धुता. चादर माझ्याकडे आहे.